ऐंशी ते शंभरच्या दरम्यान

गाडी जागेवरून हलली नव्हती आणि अंदाजपत्रक तयार झाले होते. दोन्ही बाजूंचे लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे हात), दोन्ही टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्यांची चाकाकडची टोके), पुढचे दोन्ही शॉकअप आणि शेवटच्या ओळीत व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे. वर्कशॉपमधल्या काउंटरमागच्या तरुणाने ते सगळे अतिशय नम्रपणे समजावून सांगितले आणि त्या नम्रतेत खोट काढण्यासारखे काही नव्हते. मी त्याला इतकेच सांगितले होते की ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरू लागते, नव्वदला ते सर्वांत जास्त जाणवते आणि शंभरच्या आसपास आपोआप नाहीसे होते. त्याने माझ्या वाक्यातले थरथरणे तेवढे उचलले आणि संगणकात घातले. ऐंशी, नव्वद, शंभर हे आकडे त्याच्या कागदावर कुठेच उतरले नाहीत. रक्कम मोठी होती, पण घरी येताना मला खुपत राहिली ती रक्कम नव्हे. जो दोष विशिष्ट वेगाला येतो आणि विशिष्ट वेगाला जातो, त्याचा तो येण्याजाण्याचा नेम कोणालाच का विचारात घ्यावासा वाटला नाही, हे मला कळेना.

आमची गाडी म्हणजे हल्ली घरोघरी दिसते तशी उंच बांध्याची, पुढच्या चाकांना ताकद देणारी एसयूव्ही. साखळीहून पणजीला रोज जाता-येता तिला ऐंशीचा वेग क्वचितच मिळतो. वळणे, गतिरोधक आणि रस्त्यालगतची गावे यांतच प्रवास संपतो, त्यामुळे पावसाळाभर हा कंप होता की नव्हता हे खात्रीने सांगता येत नाही. तो लक्षात आला चवथीनंतर, पेडण्याच्या बाजूला जाताना, म्हापसा मागे पडून महामार्ग मोकळा झाल्यावर. स्टीअरिंगचे चामडी आवरण तळहाताखाली डावी-उजवीकडे बारीक झटके देऊ लागले. मधला आरसा मात्र स्थिर होता, मागच्या काचेतून दिसणारा ट्रक त्यात जराही हलत नव्हता, आणि माझ्या बैठकीलाही काही जाणवत नव्हते. शेजारी आई बसली होती. ती म्हणाली, “परवा बेळगावला जाताना घाटातही ही अशीच करत होती.” मला ते पटले नाही. चोर्ला घाटात गाडी चाळीसच्या वर फारशी जात नाही, आणि हा कंप तर ऐंशीनंतर सुरू होतो. आईला दोन वेगळ्या गोष्टी एक वाटत असाव्यात, असे मी मनाशी ठरवून टाकले. तिला त्या एक वाटत होत्या, यात शंका नाही. परंतु त्या दोन होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या, हे कळायला पुढे बराच खटाटोप व्हावा लागला.

थरथरणाऱ्या स्टीअरिंगशी माझी ओळख तशी जुनी आहे. माझे वडील डिचोली तालुक्यातल्या एका खाणीवर सुपरवायझर होते आणि खाणीची जीप अधूनमधून घरी येई. त्या जीपला पुढे सरळ, अखंड एक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. एखाद्या ठरावीक वेगाला पुलाच्या सांध्यावरून किंवा रस्त्यातल्या उंचवट्यावरून एक चाक आपटले की जीपचे पुढचे अंग अचानक थडथडू लागे. हा बारीक कंप नव्हे. स्टीअरिंग हातातून निसटेल असा तो प्रकार असे आणि गाडी जवळजवळ थांबेपर्यंत तो थांबत नसे. वडील म्हणत, “भरली हिला हुडहुडी.” ते स्टीअरिंग घट्ट आवळत नसत. पाय हळूच काढून, बोटांच्या सैल वेढ्यात चाक ठेवून ते वेग उतरू देत आणि हुडहुडी ओसरली की काहीच न झाल्यासारखे पुन्हा गिअर टाकत. मागच्या बाकावर लोखंडी दांडी धरून बसलेल्या मला त्या क्षणी भीती वाटे आणि, खरे सांगायचे तर, मजाही वाटे. तोंडात खनिजाच्या लाल धुळीची चव असे आणि दात एकमेकांवर वाजत.

त्या हुडहुडीला मोठा इतिहास आहे, हे मला पुष्कळ नंतर समजले. १९२० च्या दशकात मोटारींना कमी दाबाचे फुगीर टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले, आणि त्याबरोबर हा विकारही फोफावला. कारण मोठे गमतीचे आहे. अखंड एक्सलचे एक चाक वर उचलले गेले की सबंध एक्सल तिरका होतो. वेगाने फिरणारे चाक असे तिरके केले की ते भोवऱ्याच्या नियमाने बाजूला वळू पाहते. ते वळले की एक्सल पुन्हा उलट दिशेने तिरका होतो. एक हालचाल दुसरीला खतपाणी घालते आणि दोघी मिळून वाढत जातात. रोल्स-रॉइस सोडून अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेलेले मॉरिस ऑली हे अभियंते १९३० च्या दशकाच्या आरंभी याच प्रश्नाच्या मागे होते, आणि १९३४ च्या मॉडेलांपासून त्या कंपनीच्या गाड्यांची पुढची दोन चाके एकमेकांपासून सुटी झाली. आपल्याकडच्या जीपगाड्या मात्र पुढेही कित्येक दशके अखंड एक्सलवरच धावत राहिल्या. आजच्या एसयूव्ही दिसायला जीपच्या वंशातल्या असल्या तरी त्यांतल्या बहुतेकांची पुढची चाके स्वतंत्र असतात. त्यामुळे त्यांचा कंप बहुधा स्वतःहून पेटत नाही, त्याला सतत ढकलणारे काहीतरी फिरते असावे लागते. ते काय आहे हे शोधणे, एवढेच काम असते.

हे काम मी ज्यांच्याकडे नेले ते मेस्त्री वडिलांच्याच खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा त्यांच्या हाताखाली डंपर उरले नाहीत, आणि डिचोलीच्या एका आडरस्त्याला चिऱ्यांच्या तीन भिंती आणि वर पत्रे घालून त्यांनी स्वतःची शेड उभी केली. तिथे संगणक नाही आणि बसायला खुर्चीही नाही. एक जुने टायर आहे, त्यावर बसावे लागते. मी बोलू लागताच त्यांनी हात वर केला आणि आपले प्रश्न सुरू केले. ब्रेक दाबल्यावर वाढते का? लांब वळणावर आवाज बदलतो का? चालत्या गाडीत अॅक्सिलरेटरवरून पाय काढला तर जाते का? गाडी उभी ठेवून नुसती रेस दिली तर येते का? बैठकीला लागते की फक्त हाताला? कंप नेमका कोठे होतो, हे मात्र त्यांनी विचारले नाही. मी आपणहून सांगू लागलो तेव्हा म्हणाले, “भाई, कुठे ते राहू द्या. हाताला लागते म्हणजे स्टीअरिंगमध्ये आहे असे नव्हे. केव्हा ते सांगा.”

या प्रत्येक प्रश्नामागे एकेक संशयित उभा असतो. ब्रेक दाबतानाच स्टीअरिंग हलत असेल तर दोष डिस्कचा. लोक डिस्क वाकली म्हणतात, पण बहुतेक वेळा ती वाकलेली नसते; तिची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरकसुद्धा पायाला कळतो. आमच्याकडे पावसात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या डिस्कवर पॅडच्या आकाराचा गंजाचा ठसा उमटतो, आणि परदेशातून सुट्टीवर आलेला मालक किल्ली फिरवून निघाला की पहिल्याच उतारावर त्याला तो भेटतो. वेगाबरोबर चढत जाणारा घुमल्यासारखा आवाज लांब वळणावर, गाडीचा भार एका अंगावर गेला की, बदलत असेल तर चाकाचे बेअरिंग. उभ्या गाडीत रेस दिल्यावर येत असेल तर इंजिन किंवा त्याचे माउंट. पाय काढताच जात असेल तर ताकद वाहून नेणारा एखादा भाग. आणि यांपैकी कशाशीच देणेघेणे न ठेवता, केवळ रस्त्यावरच्या वेगाला चिकटून येत-जात असेल तर चाक, टायर, रिम किंवा चाक ज्यावर बसते तो हब, यांच्यापैकी कोणीतरी. वर्कशॉपच्या कागदावरचे लोअर आर्म आणि टाय रॉड एंड या यादीत कुठे बसतात, असे मी विचारले. मेस्त्री म्हणाले की ते बसत नाहीत, कारण ते फिरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही धारगळहून मोपा विमानतळाकडे जाणाऱ्या नव्या उन्नत रस्त्यावर गेलो. गोव्यात सपाट, सरळ आणि बिनखड्ड्यांचा रस्ता हवा असेल तर दूर जावेच लागते, आणि रस्ता स्वतःच खडबडीत असेल तर गाडीचा कंप आणि रस्त्याचा कंप वेगळे काढता येत नाहीत. मेस्त्री स्वतः चालवायला बसले. नव्वदला गाडी स्थिर केली, मागेपुढे कोणी नाही असे पाहून गिअर न्यूट्रलमध्ये टाकला आणि इंजिनला खाली उतरू दिले. इंजिनाचा आवाज मंदावला, कंप तसाच राहिला. म्हणजे इंजिन सुटले. मग ब्रेकवर पाय नुसता टेकवला. फरक पडला नाही, डिस्क सुटली. मग रिकाम्या रस्त्यावर गाडी अगदी हलकेच डावीकडे आणि उजवीकडे झुलवली. आवाज बदलला नाही, बेअरिंगही सुटले. हे सगळे करायला दूध उतू जाण्याइतकाच वेळ लागला असेल. काउंटरवर अंदाजपत्रक छापून यायला याहून जास्त वेळ लागला होता.

माझा भाचा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. त्याला ही हकीकत कळल्यावर तो आपला फोन घेऊन आला आणि त्याने तो स्टीअरिंगखालच्या आवरणावर चिकटपट्टीने घट्ट बसवला. फोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतोच. एका साध्या अॅपने तो सेकंदाला किती वेळा हलतो हे आलेखावर दाखवता येते. आमचे टायर २३५/६५ आर १७ मापाचे आहेत. अशा टायरचा व्यास सुमारे ७४ सेंटिमीटर आणि परीघ सव्वादोन मीटरहून थोडा अधिक भरतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. तेव्हा चाक सेकंदाला जवळजवळ अकरा फेरे घेते. फोनच्या आलेखावर सर्वांत उंच सुळका अकराच्या किंचित अलीकडे उभा होता. चाकाच्या एका फेऱ्याला एक धक्का. शंभरला तो का जातो याचेही उत्तर त्याच गणितात होते. चाक, हब आणि ब्रेक यांचे सगळे वजन खाली टायरच्या लवचिकपणावर आणि वर गाडीच्या स्प्रिंगवर टांगलेले असते, आणि अशा जुळणीला सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा हलायला आवडते. चाकाचा धक्का त्या आवडीच्या ठेक्याला भिडला की कंप फुगतो, ठेका ओलांडून पुढे गेला की ओसरतो. दोष सत्तरलाही असतो आणि एकशेदहालाही असतो. हाताला तो मधेच सापडतो.

“मामा, आता आजीचा घाट बघूया,” भाचा म्हणाला. मी मनातून नाखूश होतो, पण गेलो. केरीच्या पुढे, अंजुण्याचे धरण एका अंगाला ठेवून चढ लागतो तिथे गाडीत चौघे बसलेले असताना चाळीसच्या सुमारास कंप आला. अगदी तसाच. हाताला तोच वाटला, फक्त या वेळी आरसाही हलत होता आणि खांदे बारीक डावी-उजवीकडे ढकलले जात होते. आई मागे बसली होती. ती काही बोलली नाही, आणि ते न बोलणे मला पुरेसे ऐकू आले. आलेखावर सुळका चौदाच्या थोडा पुढे होता. चाळीसच्या वेगाला चाक सेकंदाला पाचलाही पोहोचत नाही एवढेच फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला तीन धक्के. मेस्त्रींनी त्याच वेगाला गिअर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणला. इंजिन ओरडू लागले, पण सुळका जागचा हलला नाही. पाय काढला, आणि कंप कापून टाकल्यासारखा थांबला. भाचा तीनच्या आकड्यावर विचार करत बसला. मेस्त्रींनी गाडी कडेला घेतली आणि म्हणाले की इंजिनाची ताकद चाकाकडे नेणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट तीन पायांचा असतो.

इथे मला थांबून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. नव्वदच्या सपाट रस्त्यावरचा कंप अकराचा, चाळीसच्या चढावरचा चौदाचा. हाताला पोहोचणारे कंप मोजण्यासाठीच्या आयएसओ ५३४९ या मानकात साधारण ८ ते १६ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितके कंप) या पट्ट्याला सर्वांत जास्त भार दिलेला आहे, आणि आमचे दोन्ही कंप नेमके त्याच पट्ट्यात पडत होते. हात अकरा आणि चौदा असे मोजत नाही, त्याला केवळ थरथर कळते. त्यामुळे गाडी हाती असलेल्या माणसाला दोन वेगळे दोष हा एकच दोष वाटतो, आणि त्यांतला एक दूर केला की दुसरा उरल्यामुळे पहिली दुरुस्ती फुकट गेली असे वाटते. किती गाड्या अशा पहिल्याच बरोबर दुरुस्तीनंतर “काही फरक नाही” म्हणून दुसऱ्या गॅरेजात गेल्या असतील, कोण जाणे.

पहिला दोष आधी घेतला. मेस्त्रींनी पुढचे चाक जॅकवर उचलले आणि वरखाली धरून हलवले, मग डावी-उजवीकडे धरून हलवले. वरखालीत खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (लोअर आर्मच्या टोकाचा गोळ्याचा सांधा), आडव्यात असेल तर टाय रॉड किंवा स्टीअरिंगचा रॅक. उजव्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट अगदी किंचित सैल होता. मी लगेच विचारले की मग वर्कशॉपवाले बरोबरच होते का. मेस्त्रींचे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. सैल भाग कंप निर्माण करत नाही, तो कंपाला वाट देतो. नवे लोअर आर्म आणि त्यांच्या सांध्यांतल्या नव्या रबरी बुश घातल्या असत्या तर तोच धक्का हाताला कमी पोहोचला असता, गाडी काही महिने शांत वाटली असती, आणि नवे रबर मऊ पडल्यावर थरथर परत आली असती. तेव्हा त्या तरुणाचे अंदाजपत्रक निव्वळ लबाडीचे होते असे मला आता म्हणवत नाही. त्याने गिऱ्हाईक समाधानाने घरी गेले असते, आणि ज्या धंद्यात चाचणीला गाडी नेण्याच्या तासाचे पैसे कोणी देत नाही पण बदललेल्या भागाचे देतात, तिथे शोधण्यापेक्षा बदलणे परवडते. हे समजते, आवडत नाही.

अलाइनमेंटबद्दलही सांगून टाकतो. गाडीच्या पुढच्या भागातल्या कुठल्याही तक्रारीवर सर्वांत जास्त विकली जाणारी आणि कंपाच्या बाबतीत सर्वांत निर्दोष असलेली गोष्ट ही आहे. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एका कडेने झिजतात. थरथर हवी असेल तर आधी ती झीज खूप पुढे जावी लागते.

मग डावीकडचे पुढचे चाक मागे आणि मागचे पुढे लावून पाहिले. स्टीअरिंग निवले आणि बैठक थरथरू लागली, म्हणजे गुन्हेगार चाक सापडले. ते उतरवताना त्याचे अलाय (मिश्रधातूची रिम) हबला असे धरून बसले होते की मागून टायरवर लाकडी हातोड्याचे घाव घालावे लागले. सुटून आल्यावर त्याच्या आतल्या अंगाला, बाहेरून कधीच दिसणार नाही अशा बाजूला, लाल मातीचा एक ओबडधोबड थर घट्ट बसलेला दिसला. सत्तरीतल्या आमच्या बागायतीकडे जाणारी वाट पावसात गुडघाभर चिखलाची असते. तो चिखल रिमच्या आत उडतो, आणि ऊन पडल्यावर जांभ्याची ही माती अशी आवळते की तिच्यावर पाणी मारले तरी ती ढिम्म हलत नाही. गाडी धुणारे बाहेरची बाजू चकचकीत करून देतात, आत कोणी पाहत नाही. मेस्त्रींनी खरवडून काढलेली ढेकळे भाच्याने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर नेऊन ठेवली. साठ ग्रॅमच्या आसपास भरली. केंद्रापासून वीस सेंटिमीटरवर बसलेले साठ ग्रॅम नव्वदच्या वेगाला सुमारे साडेपाच किलो वजनाच्या जोराने चाकाला बाहेर ओढतात, आणि ती ओढ दर फेऱ्याला दिशा बदलत फिरते. वेग निम्मा केला की हीच ओढ चौथाई होते; साखळी-पणजी प्रवासात ती मला कधी जाणवली नाही, यात नवल नव्हते. शिवाय चाकाचा तोल साधायला आतल्या कडेला चिकटवलेल्या वजनांपैकी एक गळून पडले होते, त्याच्या जागी चिकट चौकोन तेवढा उरला होता.

मातीइतकाच मेस्त्रींना राग आला तो हबच्या तोंडावरच्या गंजाचा. खाऱ्या हवेत लोखंडाच्या त्या चकतीवर पापुद्रे धरतात, आणि पापुद्र्यावर बसवलेले चाक कितीही नट आवळले तरी केसभर तिरकेच फिरते. त्यांनी तारेच्या ब्रशने हबचे तोंड आणि अलायच्या मधल्या छिद्राची कड घासून धातू उघडा केला, कडेला बोटभर पातळ ग्रीस फिरवले, आणि चाक लावताना नट समोरासमोरच्या क्रमाने हाताने बसवले. हवेच्या गनने पहिला नट एका दमात आवळला की चाक टांगल्या जागी तिरके होऊन बसते, आणि मग बाकीचे नट त्या तिरकेपणावरच शिक्कामोर्तब करतात. शेवटी टॉर्क रेंच. तो रेंच त्यांनी खाणीतून निघताना विकत घेतला होता आणि तो ते कोणाला हात लावू देत नाहीत.

बॅलन्सिंगचे, म्हणजे चाकाचा तोल जुळवण्याचे, यंत्र त्यांच्याकडे नाही, त्यासाठी म्हापशाला जावे लागले. तिथे त्यांनी केलेली एक गोष्ट मी पुढे प्रत्येक वेळी करणार आहे. यंत्राने शून्य दाखवल्यावर त्यांनी चाक सैल करायला लावले, शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळायला लावले आणि परत फिरवून पाहिले. या वेळी यंत्राने वीस ग्रॅम दाखवले. म्हणजे चाक यंत्रावरच मधोमध बसले नव्हते. त्याला मधोमध धरणारा शंकूच्या आकाराचा तुकडा, ज्याला ते कोन म्हणतात, चुकीच्या मापाचा होता. यंत्रावरच्या माणसाने थोडी कुरकुर करून दुसरा कोन शोधला, आणि मग अर्धा फेरा फिरवूनही शून्य ते शून्यच राहिले. त्या संध्याकाळी महामार्गावर नव्वदला स्टीअरिंग इतके निवांत होते की मला ते आधी अनोळखी वाटले.

घाटातला कंप अर्थातच होता तिथेच होता. ड्राइव्ह शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाला एक जॉइंट असतो आणि गिअरबॉक्सकडच्या टोकाला दुसरा. बाहेरचा झिजला की वळताना कटकट आवाज येतो, तो सर्वांच्या परिचयाचा आहे. आतला झिजला तर तशी कटकट येत नाही. त्यात तीन पायांवर तीन रोलर असतात आणि ते तीन खाचांतून मागेपुढे सरकतात. भरल्या गाडीने चढावर जोर लावला की रोलर खाचेच्या भिंतीवर दाबले जातात. भिंत गुळगुळीत असेल तर सरकतात, खड्डा पडला असेल तर अडखळतात, आणि दर फेऱ्याला तीनदा गाडीला बाजूला ढोसतात. सपाट रस्त्यावर जोर कमी, म्हणून अडखळणेही कमी. मेस्त्रींनी उजवा शाफ्ट काढून रबरी बूट उलटा केला तेव्हा आतले ग्रीस काळ्या पाण्यासारखे पातळ झाले होते. खाचा पुसल्यावर दिव्याखाली त्यांच्या भिंतींवर आरशासारखे चकाकणारे उथळ पट्टे दिसले. मी त्यावरून नख फिरवले, नख अडकले. इतक्याशा खोलीला चौघांना हलवता येते, यावर विश्वास बसणे कठीण होते.

नुसते ग्रीस बदलून काही महिने काढता येतील, असे मेस्त्री म्हणाले, आणि नवा जॉइंट मागवण्याचा निर्णय माझ्यावर सोपवला. मी मागवला. सैल बॉल जॉइंट असलेला उजवा लोअर आर्मही त्याच वेळी बदलला, कारण तो कंपाचा धनी नसला तरी सैल होता आणि तो निखळला तर चाक आडवे पडते. ती जोखीम घाटात घेण्यात अर्थ नव्हता. सगळे मिळून झालेला खर्च पहिल्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी आला. सगळे बसवून आम्ही पुन्हा केरीहून चढलो. चाळीसला आई म्हणाली, “आता नाही करत,” आणि भाच्याने फोन पाहून मान डोलावली.

भाच्याच्या आलेखावर मात्र नव्वदला अकराच्या जागी एक बुटका सुळका अजून उभा आहे. हाताला तो कळत नाही, आणि मेस्त्रींच्या मते तो टायरचा आहे: टायरची कड गोलाईत सर्वत्र सारखी ताठ नसते, आणि वजने चिकटवून तो फरक जात नाही. पुढच्या टायरांच्या कडेवर २३१९ असा शिक्का आहे, म्हणजे ते २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेले. टायरच्या खाचांची खोली अजून बरीच आहे, पण रबर कडक होत चालले आहे. मागचे दोन त्याच वर्षातले आहेत. दोनच नवे घेतले तर ते मागे बसवावेत, कारण ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी गिरकी घेते, असे भाच्याचे म्हणणे. मेस्त्रींना ते मान्य आहे, पण मग जुने दोन पुढेच राहतील आणि तो बुटका सुळका हाताखालीच राहील, हे त्यांना खपत नाही. चार घ्या म्हणजे वाद मिटला, असे आईने सुचवले आहे. चारांचा भाव मी काढून ठेवला आहे, आणि पुढचा पाऊस सुरू होण्याआधी काय ते ठरवावे लागेल.